आनंद इंग्रजीत लिहिताना: एक क्रियाविशेषण आणि एक कारण

मुलाला नोकरी लागली, मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, आईचं ऑपरेशन नीट पार पडलं, सोसायटीच्या पुनर्विकासाचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. असा आनंद तोंडाने सांगायला कुणाला शिकवावं लागत नाही. तोच इंग्रजीत लिहायची वेळ आली, की ठाण्या-डोंबिवलीतल्या चांगल्या शिकलेल्या माणसांचाही हात अडतो. वागळे इस्टेटमधल्या कंपनीला नोकरी स्वीकारल्याचा मेल, मुलीच्या वर्गशिक्षिकेला आभाराचं पत्र, न्यू जर्सीतल्या भाच्याच्या अमेरिकन बायकोला बाळाबद्दल दोन ओळी. मजकूर एवढाच असतो. पण ‘आय ॲम व्हेरी व्हेरी हॅपी’ लिहून झालं, की मनातलं यात काहीच उतरलं नाही असं वाटत राहतं. मग आणखी एक ‘व्हेरी’ जोडला जातो आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं.

हा लेख अशा अडलेल्या हातासाठी आहे. व्हेरी, सो, रिअली, एक्स्ट्रीमली, ॲब्सोल्यूटली, डीपली ही तीव्रता वाढवणारी क्रियाविशेषणं कुठे शोभतात, कुठे खटकतात आणि कुठे त्यांची गरजच नसते, ते नीट समजून घेऊ. सुरुवातीलाच सार सांगतो: एका वाक्याला एक नेमकं क्रियाविशेषण पुरतं, आणि आनंदाचं कारण शेजारी लिहिलेलं असेल तरच ते वाचणाऱ्याला खरं वाटतं.

कुठल्या शब्दाला किती जोर

बोलताना आपण ‘खूऽप आनंद झाला’ असं लांबवतो, चेहरा फुलतो, आवाज चढतो. मराठीत लिहितानाही ‘च’ हाताशी असतो. ‘खूपच’, ‘फारच’ म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत लिहिताना यातलं बरंचसं काम या क्रियाविशेषणांवर येतं. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात त्यांची पद्धतशीर वर्गवारी आहे. काही शब्द अर्थाला थेट टोकाला नेतात: ॲब्सोल्यूटली, कम्प्लीटली, अटरली. काही त्याला वर उचलतात: सो, डीपली, ग्रेटली. आणि काही चक्क खाली आणतात: स्लाइटली, पार्टली.

खाली आणणारे शब्द आपल्याला अनेकदा ओळखू येत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. घराचं रंगकाम करून देणाऱ्या कंपनीला तुम्ही ‘वी आर फेअर्ली हॅपी विथ युअर वर्क’ असं कळवलंत, तर त्याचा अर्थ ‘काम बरंय, पण पूर्ण समाधान नाही’ असा होतो. ‘प्रिटी हॅपी’ त्याहून थोडं वरचं, पण घरगुती बोलीतलं. ‘परफेक्टली हॅपी’ ऐकायला मोठं वाटतं. मात्र ‘आय ॲम परफेक्टली हॅपी टू वेट’ यात आनंद नाही, ‘थांबायला माझी काहीच हरकत नाही’ एवढाच निरोप आहे.

‘क्वाइट’ला तर विशेष जपावं. ‘क्वाइट हॅपी’ वाचून लंडनमधला माणूस बहुधा ‘बऱ्यापैकी खूश’ असं समजेल आणि न्यू जर्सीतला ‘चांगलाच खूश’ असं. एकच वाक्य दोन देशांत दोन वजनांनी वाचलं जाणार असेल, तर आनंदाच्या पत्रात हा शब्द टाळलेलाच बरा.

निर्धोक शब्द दोन: ‘व्हेरी’ आणि ‘रिअली’. पहिला औपचारिक पत्रातही चालतो, दुसऱ्यात थोडी जवळीक आहे. ‘सो’ आणखी जवळचा. तो मित्राला, बहिणीला, जुन्या सहकाऱ्याला लिहावा. ‘एक्स्ट्रीमली’ आणि ‘इन्क्रेडिब्ली’ हे वरच्या पट्टीतले, खरोखर मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवायचे. शाळेच्या फीची पावती वेळेवर आली म्हणून ‘एक्स्ट्रीमली हॅपी’ लिहिलं, तर मुलगी बोर्डाच्या परीक्षेत चमकली त्या दिवशी लिहायला काही उरत नाही. ‘सुपर हॅपी’ व्हॉट्सॲपवरच्या मित्रमंडळात ठीक आहे; प्राचार्यांच्या पत्रात तो नको.

विशेषणांच्या दोन जाती

‘व्हेरी हॅपी’ बरोबर, मग ‘व्हेरी थ्रिल्ड’ का खटकतं? कारण आनंदाची इंग्रजी विशेषणं दोन जातींची आहेत. हॅपी, ग्लॅड, प्लीज्ड, प्राउड, ग्रेटफुल यांना कमी-जास्त करता येतं. थ्रिल्ड, डिलाइटेड, ओव्हरजॉइड, एक्स्टॅटिक यांच्यात ‘खूप’ आधीच मुरलेलं आहे. ‘ओव्हरजॉइड’ म्हणजेच आनंदाने भरून गेलेला; त्याला आणखी ‘व्हेरी’ लावायला जागा नसते.

कल्याण-डोंबिवलीकरांना हे लोकलच्या भाषेत लवकर कळेल. ‘व्हेरी’ ही स्लो लोकल. हॅपी, ग्लॅड, प्लीज्ड अशा साध्या विशेषणांच्या प्रत्येक स्टेशनावर ती थांबते. ‘ॲब्सोल्यूटली’ ही फास्ट लोकल. ठाकुर्ली, कोपर सोडून ती डिलाइटेड, थ्रिल्ड, एक्स्टॅटिक अशा मोठ्या स्टेशनांवरच थांबते. म्हणून ‘ॲब्सोल्यूटली डिलाइटेड’ सहज वाटतं आणि ‘ॲब्सोल्यूटली ग्लॅड’ अवघडल्यासारखं. ‘रिअली’ मात्र दोन्हीकडे चालतो: ‘रिअली हॅपी’ही आणि ‘रिअली थ्रिल्ड’ही. शंका आली की ‘रिअली’ निवडा.

यातून रोजच्या उपयोगाची एक युक्ती निघते. ‘व्हेरी व्हेरी हॅपी’ लिहावंसं वाटलं की थांबा. दोन्ही ‘व्हेरी’ खोडा आणि विशेषणच वरचं घ्या. ‘आय ॲम डिलाइटेड’ या तीन शब्दांत ते सगळं येतं. मराठीत ‘खूप खूप अभिनंदन’ ही द्विरुक्ती गोड लागते, इंग्रजी लिखाणात ती बालिश दिसू शकते. ‘मेनी मेनी काँग्रॅच्युलेशन्स’ऐवजी एकच ‘मेनी’ पुरे, किंवा ‘वॉर्मेस्ट काँग्रॅच्युलेशन्स’ लिहा. आणि अभिनंदन कशाबद्दल ते सांगताना ‘फॉर’ नको, ‘ऑन’ हवं: ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन’.

ठरलेल्या जोड्या

काही क्रियाविशेषणांचा संसार ठरावीक विशेषणांशीच जमतो. का, याला प्रत्येक वेळी नियम सापडत नाही. पिढ्यांच्या वापराने त्या जोड्या घट्ट झाल्या आहेत. मराठीत पाऊस ‘धो धो’ पडतो आणि माणूस ‘ढसाढसा’ रडतो, तसंच हे. अशा जोड्या पाठच कराव्यात.

कृतज्ञतेसाठी ‘डीपली ग्रेटफुल’. मन भरून आलं असेल तर ‘डीपली मूव्ह्ड’ किंवा ‘डीपली टच्ड’. सत्कार, पुरस्कार, पाहुणा म्हणून आमंत्रण यांसाठी ‘ट्रूली ऑनर्ड’. मुलांच्या, विद्यार्थ्यांच्या यशासाठी ‘इमेन्सली प्राउड’. रिपोर्ट नॉर्मल आला, हरवलेली कागदपत्रं सापडली, अशा सुटकेच्या आनंदासाठी ‘ग्रेटली रिलीव्ह्ड’. कार्यक्रम, सहल, जेवण आवडलं तर ‘थरोली एन्जॉइड’. दुसऱ्याच्या भाग्याने मनापासून बरं वाटलं तर ‘जेन्युइनली हॅपी’.

‘हायली’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. ‘हायली रेकमेंडेड’, ‘हायली सॅटिस्फाइड’ या जोड्या पक्क्या आहेत. ‘हायली हॅपी’ मात्र इंग्रजीत कुणी म्हणत नाही.

हॅपीच्या पुढचं शब्दयोगी अव्ययही सांभाळायला हवं, नाहीतर आधीचं क्रियाविशेषण कितीही नेमकं असलं तरी वाक्य लंगडतं. माणसासाठी आनंद झाला तर ‘फॉर’: ‘आय ॲम रिअली हॅपी फॉर यू’. बातमीबद्दल ‘अबाउट’: ‘व्हेरी हॅपी अबाउट युअर रिझल्ट’. सेवा किंवा कामाबद्दल ‘विथ’: ‘व्हेरी हॅपी विथ द सर्व्हिस’.

मराठीतून उतरताना होणाऱ्या चुका

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजीत उतरवण्याची ती शिस्त मोलाची होती आणि आजही आहे. पण तीव्रतेचे शब्द एकास एक उतरत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या लिहिणाऱ्यांकडून पुढच्या चार चुका वारंवार होतात.

पहिली चूक ‘टू’ची. आपला ‘फार’ दोन कामं करतो. ‘फार छान झालं’ यात तो कौतुक करतो, ‘फार गोड झालं’ यात तक्रारही करू शकतो. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत: कौतुकाला ‘व्हेरी’, प्रमाणाबाहेर गेल्याच्या तक्रारीला ‘टू’. त्यामुळे ‘आय ॲम टू हॅपी’ वाचणाऱ्याला वाटतं, इतका आनंद झाला की आता काही बिनसणार आहे. याला एक पक्का अपवाद आहे: ‘आय वुड बी ओन्ली टू हॅपी टू हेल्प’. मदत करायला अगदी आनंदाने तयार आहे, असा त्याचा अर्थ. तो वाक्प्रचार अख्खाच लक्षात ठेवावा.

दुसरी चूक ‘व्हेरी मच हॅपी’ची. ‘मच’ने जोर वाढेल असं वाटतं, पण हॅपी, ग्लॅड यांसारख्या साध्या विशेषणाआधी ‘व्हेरी’ एकटाच येतो. ‘व्हेरी मच’ची जागा क्रियापदाजवळ: ‘आय लाइक्ड द प्ले व्हेरी मच’, ‘युअर हेल्प इज व्हेरी मच ॲप्रिशिएटेड’.

तिसरी चूक ‘हॅपिली’ची. क्रियाविशेषण म्हटलं की ‘ली’ हवं, या समजुतीने ‘आय ॲम हॅपिली टू इन्फॉर्म यू’ असं लिहिलं जातं. ‘आय ॲम’पुढे विशेषण हवं: ‘आय ॲम हॅपी टू इन्फॉर्म यू’. कार्यालयीन पत्रात ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू’ अधिक रुळलेलं आहे. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ या आपल्या साच्यातल्या ‘अत्यंत’साठी तिथे वेगळा शब्द शोधू नका, तो साचा क्रियाविशेषणाविनाच पूर्ण आहे.

चौथी चूक अर्धवट ‘एन्जॉय’ची. ‘वी एन्जॉइड अ लॉट’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेरच्या वाचकाला पुढे काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. कशाचा आनंद घेतला ते लिहा: ‘वी थरोली एन्जॉइड द ट्रिप’. तसं काही नाव घ्यायचं नसेल तर ‘वी रिअली एन्जॉइड अवरसेल्व्ज’.

शब्दाची जागा

विशेषणाची तीव्रता वाढवणारा शब्द त्याच्या लगेच आधी येतो. तिथे सहसा चूक होत नाही. क्रियापदाच्या बाबतीत मात्र घोळ होतो. गडकरी रंगायतनमध्ये नाटक पाहून आल्यावर ‘आय एन्जॉइड व्हेरी मच द प्ले’ असं लिहिलं, तर ‘व्हेरी मच’ क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरला. इंग्रजीत या दोघांची ताटातूट सहसा करत नाहीत. ‘आय एन्जॉइड द प्ले व्हेरी मच’ किंवा ‘आय रिअली एन्जॉइड द प्ले’ असं लिहावं. सोपा नियम असा: रिअली, थरोली, जेन्युइनली हे क्रियापदाच्या आधी, व्हेरी मच, अ लॉट, इमेन्सली हे वाक्याच्या शेवटी.

कारण लिहिलं की आनंद खरा वाटतो

इथवर शब्दांची निवड झाली. पण नुसत्या शब्दनिवडीने पत्र जिवंत होत नाही. लिंक्डइन उघडलं की प्रत्येक जण ‘एक्स्ट्रीमली थ्रिल्ड’ आणि ‘ट्रूली हम्बल्ड’ असतो. सगळ्यांनी एकच वरची पट्टी धरल्यामुळे कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येत नाही. वाचणाऱ्यापर्यंत आनंद पोचतो तो तपशिलातून. नेमकं काय घडलं, कुणी काय केलं, त्याने तुमचं काय सोपं झालं, हे लिहिलं पाहिजे.

परक्या भाषेतल्या पत्रांनी किती मोठं काम होऊ शकतं, याचं उदाहरण कल्याणच्याच मातीतलं आहे. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांना वैद्यक शिकायचं होतं. त्यासाठी त्यांचे पती गोपाळराव जोशींनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलेलं पत्र वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं. त्यांनी आपण होऊन पत्र धाडलं आणि दोघींचा इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई आपल्या चालीरीती, समाज, प्रकृती आणि शिकण्याची इच्छा यांबद्दल मोकळेपणाने लिहीत. दोघींची तोवर भेटही झालेली नव्हती. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा याच कार्पेंटरबाईंचं घर त्यांच्यासाठी उघडं होतं, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. असा विश्वास मोठमोठ्या शब्दांनी बसत नाही. समोरच्याला आपलं जगणं दिसेल असं लिहिल्याने तो बसतो.

आपल्या प्रसंगांनाही हेच लागू आहे. डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्रा पाहून परदेशातल्या मैत्रिणीला ‘इट वॉज सो सो ब्युटिफुल’ लिहिलंत, तर तिच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. ‘फडके रोड वॉज पॅक्ड बाय सेव्हन, अँड माय मदर वॉक्ड द होल वे इन हर नऊवारी. आय वॉज रिअली हॅपी टू सी हर एन्जॉय इट’ असं लिहा. क्रियाविशेषण एकच आहे, तेही साधं. पण आधीच्या वाक्याने त्याला आधार दिला आहे.

तीन नमुने

नोकरी स्वीकारताना: ‘थँक यू फॉर द ऑफर. आय ॲम डिलाइटेड टू ॲक्सेप्ट इट अँड लुक फॉरवर्ड टू जॉइनिंग द टीम इन जुलै.’ यात क्रियाविशेषण नाही, गरजही नाही. ‘डिलाइटेड’ पुरेसा आहे. शेवटी ‘टू जॉइन’ नाही तर ‘टू जॉइनिंग’ आहे, हेही पाहून ठेवा.

शिक्षिकेचे आभार मानताना: ‘वी आर डीपली ग्रेटफुल टू यू. यू स्टेड बॅक आफ्टर स्कूल टू टीच हर फ्रॅक्शन्स, अँड नाऊ शी लुक्स फॉरवर्ड टू हर मॅथ्स क्लास.’ पहिल्या वाक्यात भावना, दुसऱ्यात तिचा पुरावा. शाळा सुटल्यावर आपण थांबत होतो याची कुणीतरी जाण ठेवली, हे त्या बाईंना यातून कळतं. नुसत्या ‘थँक यू व्हेरी व्हेरी मच’मधून ते कधीच कळलं नसतं.

बाळाच्या जन्माबद्दल घरच्यांना: ‘वी आर सो हॅपी’ एवढ्यावर थांबू नका, असं लिहा: ‘वी आर सो हॅपी फॉर यू बोथ. आजी हॅज ऑलरेडी स्टार्टेड स्टिचिंग अ गोधडी फॉर द बेबी.’ ‘आजी’ आणि ‘गोधडी’ हे शब्द तसेच राहू द्यावेत. भाच्याची बायको त्यांचा अर्थ विचारेल, आणि त्या निमित्ताने बोलणंही वाढेल.

सराव कसा करावा

सरावासाठी फार खटाटोप लागत नाही. एक छोटी वही करा. इंग्रजी वर्तमानपत्रात, मुलाखतीत, कादंबरीत आनंदाचं वाक्य दिसलं, की त्यातली जोडी उतरवून घ्या. सुटा शब्द नको, जोडीच हवी. ‘डीपली’ एकटा लिहून ठेवल्याने उपयोग नाही, ‘डीपली ग्रेटफुल’ हवं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचणाऱ्यांची सोय करत आलं आहे. आपल्या भागातल्या वाचनालयात थोडा वेळ इंग्रजी नियतकालिकांसमोर बसलात तरी वही भरू लागेल.

जोडी बरोबर आहे का अशी शंका आली, तर नेहमीच्या शब्दकोशापेक्षा शब्दांच्या जोड्यांचा कोश पाहावा. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स कोश २००२ साली प्रथम निघाला. त्यात ‘हॅपी’ उघडलं की त्याच्याबरोबर येणारी क्रियाविशेषणं एका ठिकाणी मिळतात. मोबाइलवर केंब्रिजचा शब्दकोश मोफत आहे. त्यातली उदाहरणवाक्यं आवर्जून वाचा, अर्थापेक्षा ती जास्त शिकवतात.

मेल पाठवण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. एकाच वाक्यात दोन तीव्रतेचे शब्द आले आहेत का? आले असतील तर एक काढा. विशेषण आधीच टोकाचं आहे का? असेल तर त्याचा ‘व्हेरी’ काढा. वाचणारा आपल्या किती जवळचा आहे? त्यावरून ‘सो’ की ‘व्हेरी’ ते ठरवा. आणि आनंदाचं कारण लिहिलं आहे का? नसेल तर एक वाक्य वाढवा. उद्गारचिन्ह हवंच असेल तर सगळ्या पत्रात मिळून एक.

काटकसर करायची ती क्रियाविशेषणांची, आनंद कळवण्याची नव्हे. इंग्रजी चुकेल या भीतीने आपल्याकडची कितीतरी आभाराची आणि कौतुकाची पत्रं लिहिलीच जात नाहीत. मुलांना घडवणाऱ्या शिक्षकांना, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांना, पहिल्या नोकरीत सांभाळून घेणाऱ्या वरिष्ठांना त्यांनी आपल्यासाठी काय केलं ते कळायलाच हवं. त्यासाठी अलंकारिक इंग्रजी लागत नाही. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत अशा एका माणसाचं नाव आठवा आणि दोनच वाक्यं लिहा: पहिल्यात भावना, दुसऱ्यात तिचं कारण. ती आजच पाठवा.